गाडी माझ्या नावावर, म्हणून दंडही माझ्याच नावावर?

लंडनच्या पश्चिमेला एका उपनगरात राहणाऱ्या वाचक लिहितात: २५ ऑक्टोबरला, शनिवारी, आमची गाडी एका रिटेल पार्कमध्ये होती. दिवाळीच्या कार्यक्रमाची खरेदी होती, पाहुणेही सोबत होते. तिथे दोन तास पार्किंग फुकट आहे. कॅमेऱ्याने गाडी आत येताना ११.५२ला टिपली आणि बाहेर पडताना २.१३ला. म्हणजे २१ मिनिटं जास्त. पार्किंग कंपनीचं ६ नोव्हेंबर तारखेचं पत्र मंगळवारी, ११ तारखेला माझ्या नावाने आलं. १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरलेत तर ६० चालतील. गाडी माझ्या नावावर असली तरी घरात चालवणारे एकाहून जास्त आहेत. नवरा म्हणतो, साठ पौंड भर आणि मोकळी हो. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे म्हणतात, फाडून टाक, त्यांना काही करता येत नाही. वसंतात आमचा आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज आहे, त्यामुळे मला झोप लागत नाही. चालवणाऱ्याचं नाव सांगितलं नाही, तर तो खोटेपणा होईल का? गाडी माझ्या नावावर आहे म्हटल्यावर दंड मलाच भरावा लागणार ना?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वरच्या सारांशातून मुद्दाम गाळलं आहे. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, ते वाक्य. तुम्ही विश्वासाने लिहिलंत, ते माझ्यापाशीच राहील. पण इथून पुढे या प्रकरणात जे काही लिहाल त्यात ते वाक्य सहज उमटू देऊ नका. मराठीत "चालवत होता", "चालवत होती" म्हटलं की क्रियापदच सगळं सांगून टाकतं. इंग्रजीत तेच काम "आय पार्क्ड" किंवा "माय हजबंड वॉज लेट" हे दोन-तीन शब्द करतात. पुष्कळांचं प्रकरण या दोन-तीन शब्दांवरच हातचं जातं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची भीती त्यातूनच आली आहे. आपण भारतातून एक सवय घेऊन येतो. आरसी बुक ज्याच्या नावावर, ई-चलन त्याच्या नावावर. इथेही काउन्सिलने रस्त्यावरच्या पार्किंगसाठी दिलेल्या पेनल्टी चार्ज नोटिशीचं तसंच आहे. चालवणारा कोणीही असो, जबाबदारी सहसा गाडी ज्याच्या नावावर त्याची. ती नोटीस आली तर या पत्रात मी पुढे लिहिते आहे त्यातलं काहीही लावू नका. तिचा रस्ताच वेगळा आहे.

तुमच्या हातातला कागद मात्र पेनल्टी नव्हे, पार्किंग चार्ज नोटीस आहे. दोन्हींची आद्याक्षरं पीसीएन, मांडणी सारखी, रंगही कित्येकदा तसेच, त्यामुळे घाबरायला होतं. पण खासगी जागेवरचा हा चार्ज सरकारी दंड नाही आणि गुन्हाही नाही. कंपनीचं म्हणणं एवढंच असतं की आमच्या पाटीवर अटी होत्या, गाडी लावणाऱ्याने त्या मान्य केल्या आणि मग मोडल्या, म्हणून ठरलेले पैसे द्या. म्हणजे हा कराराचा दावा आहे. आणि करार झालाच असेल तर तो गाडी लावणाऱ्याशी झाला. गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी खात्याच्या दप्तरात जिचं नाव आहे तिच्याशी नाही.

मग पत्र तुमच्या नावाने कसं आलं? इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेवर गाडीच्या चाकाला जॅमर लावणं १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद झालं. ज्या कायद्याने ते बंद केलं, त्या २०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टनेच चौथ्या परिशिष्टात कंपन्यांना एक नवी वाट दिली. चालवणारा कोण ते कळलं नाही, तर गाडीच्या कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदली आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतील. त्यासाठी कंपन्या डीव्हीएलएला अडीच पौंड भरून तुमचं नाव-पत्ता मिळवतात. तुमच्या ग्रुपवरचा "फाडून टाक" हा सल्ला त्या तारखेच्या आधीच्या काळातला आहे. तेव्हा तो बराचसा खरा होता, आज तो धोक्याचा आहे.

पण ही वाट अटींची आहे, आणि अटी बारीक आहेत. काचेवर काही चिकटवलं नसेल आणि सगळं कॅमेऱ्यावरच चाललं असेल, तर कीपरला पाठवायची नोटीस १४ दिवसांत तुमच्याकडे पोचली पाहिजे. ते १४ दिवस पार्किंग संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. टाकलेली नव्हे, पोचलेली. कायदा असं गृहीत धरतो की पोस्टात टाकल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी ती पोचते. त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत.

आता तुमच्या तारखा घ्या. पेन घेऊन बसा, मीही इथे कॅलेंडर काढून बसले आहे. पार्किंग २५ ऑक्टोबरला संपलं. २६ तारीख हा पहिला दिवस, मग ८ नोव्हेंबर हा चौदावा. पत्रावर तारीख ६ नोव्हेंबर, गुरुवार. त्याच दिवशी पोस्टात पडलं असं धरलं तरी शुक्रवार ७ हा पहिला कामाचा दिवस, आणि दुसरा थेट सोमवार, १० नोव्हेंबर. म्हणजे कायद्याच्याच हिशेबाने ते १०ला पोचलं आणि मुदत ८ला संपली. प्रत्यक्षात तर तुम्हाला ते ११ला मिळालं. पत्रावरची तारीख बाराव्या दिवसाची आहे म्हणून वरवर ते वेळेत वाटतं. तसं वाटूनच किती जण पैसे भरून टाकतात, याची मला खरोखर हळहळ वाटते. मी स्वतः त्यातलीच एक. दहा वर्षांपूर्वी माझ्या नावावर असंच एक पत्र आलं होतं, तेही पार्किंगनंतर महिनाभराने. गाडी मी चालवतही नव्हते. पण वर लाल अक्षरं, खाली कोर्टाचा उल्लेख. मी त्याच रात्री, जेवणही न करता, कार्डाने पैसे भरले. तारखा मोजायच्या असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे.

तुमचंही पाकीट फेकू नका. त्यावर पोस्टाची तारीख छापलेली असेल तर उत्तमच. नसेल तर पत्र कधी मिळालं ते आजच त्याच्यावर लिहून ठेवा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा.

मुदत चुकली याचा अर्थ चार्जच रद्द झाला असा नाही, हे नीट ध्यानात घ्या. चालवणाऱ्याकडून मागायचा हक्क कंपनीला अजून आहे. गेला तो तुमच्याकडून, केवळ कीपर म्हणून, मागायचा हक्क. म्हणूनच कंपनीला आता एकच गोष्ट हवी असते, चालवणाऱ्याचं नाव. कधी ते "तुम्ही नाव कळवा" असं सरळ विचारतात, कधी "कीपरच चालवत होता असं आम्ही धरतो" असं लिहून तुम्हाला बोलायला लावतात.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटला. नाव न सांगणं हा खोटेपणा आहे का?

पोलिसांनी विचारलं तर नाव सांगावंच लागतं. वेग मोडल्यावर घरी येणारं ते पत्र रोड ट्रॅफिक ॲक्टच्या १७२व्या कलमाखाली असतं, आणि तिथे गप्प राहणं हाच गुन्हा आहे. खासगी कंपनीला मात्र असं विचारायचा अधिकार संसदेने दिलेला नाही. ती तुम्हाला विनंती करू शकते, सक्ती नाही. ज्याला विचारायचा अधिकार नाही त्याला उत्तर न देणं, यात मला खोटेपणा दिसत नाही. पण "मी चालवत नव्हते" असं, चालवत असताना लिहिणं, हे मात्र खोटं. किंवा मामेभावाचं नाव पुढे करणं, कारण तो आता पुण्याला परत गेला आहे आणि त्याला कोण शोधणार. तेही खोटं, आणि मी ते कधीही सुचवणार नाही. हे प्रकरण कोर्टात गेलं तर तुमच्या बचावाच्या कागदावर सत्यकथनाची सही असते. तिथे जाणूनबुजून खोटं लिहिणं कोर्टाची बेअदबी ठरू शकतं. न्यायाधीशांनी समोरासमोर विचारलं, "तुम्ही चालवत होता का?" तर जे खरं असेल ते सांगायचं, पैसे गेले तरी चालतील. ही रेघ तुमच्या मनात एकदा पक्की झाली, की मला वाटतं तुम्हाला झोपही लागेल.

आता आयएलआर. पार्किंग चार्ज हा फौजदारी गुन्हा नाही, त्यामुळे नुसतं असं पत्र आल्याने तुमच्या अर्जावर डाग पडत नाही. पण व्हिसाच्या अर्जात दिवाणी कोर्टाचा निकाल, उदाहरणार्थ कर्ज न फेडल्याबद्दलचा, तुमच्याविरुद्ध आहे का हे विचारतात. पत्रं फाडत गेलात, मग कोर्टाचा कागदही त्याच ढिगात गेला, की तुम्ही हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी लागतो. तो सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्ट जजमेंट. महिन्याच्या आत पूर्ण पैसे भरले तर नोंद निघते, नाहीतर ती सहा वर्षं राहते. मॉर्गेजच्या वेळी बँक पहिल्यांदा तेच पाहते. तेव्हा तुमच्या भीतीचं कारण पार्किंग नसून न उघडलेलं पाकीट आहे.

यातून एक सल्ला सगळ्यांसाठी. आपण भाड्याची घरं बदलतो, बँकेला कळवतो, शाळेला कळवतो, आणि गाडीचं लॉगबुक, व्ही५सी, जुन्या पत्त्यावरच राहतं. पार्किंग कंपनी पत्ता डीव्हीएलएकडून घेते. पत्रं जुन्या घरी पडत राहतात आणि सीसीजे कळतो तो मॉर्गेज नाकारल्यावर. पत्ता बदलणं फुकट आहे, ऑनलाइन होतं, आणि न बदलल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रकरण चालू असताना घर बदललंत तर कंपनीलाही नवा पत्ता वेगळा कळवा.

आता तुम्ही काय करायचं. सगळ्यात आधी, आजच, त्या रिटेल पार्कच्या दुकानाच्या मॅनेजरला किंवा जागा सांभाळणाऱ्या एजंटला लिहा. पावती जोडा. तुमच्या घरात त्या दिवशी खरेदी झाली, गिऱ्हाईक आहात, शनिवारची गर्दी होती. जागामालकाने एक ईमेल केला की कंपनी चार्ज मागे घेते, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. लोक हे करतच नाहीत, कारण पत्रावर दुकानाचं नाव नसतं. फक्त तिथेही चालवणाऱ्याबद्दल काही लिहायचं नाही. पावतीवर कार्डधारकाचं नाव असेल तर ते खोडून जोडा.

त्याच्या जोडीला कंपनीकडे अपील. ऑनलाइन फॉर्ममध्ये "तुम्ही कोण" असं विचारतात. तिथे रजिस्टर्ड कीपर निवडा. "ड्रायव्हर" चुकूनही नको. मजकूर मोठा नको. आशय असा: मी या गाडीची रजिस्टर्ड कीपर आहे. पार्किंग २५ ऑक्टोबरला संपलं. तुमची नोटीस ६ नोव्हेंबरची असून ती १० नोव्हेंबरच्या आधी पोचली असं कायद्याने धरता येत नाही, म्हणून २०१२च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या नवव्या परिच्छेदाची मुदत पाळली गेलेली नाही. कीपर म्हणून माझी जबाबदारी निर्माण होत नाही. चालवणाऱ्याचं नाव देणं माझ्यावर बंधनकारक नाही आणि मी ते देत नाही. चार्ज रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा कोड द्या. एवढंच इंग्रजीत, शांत शब्दांत. "पाहुणे सोबत होते", "पोरं रडत होती", "बाहेर पडायला रांग होती" यातलं काही नको. रांग होती हे ज्याला माहीत आहे तो गाडीत होता, आणि वाचणारा तेवढं बरोबर टिपतो.

कंपनी बहुतेक नकार देईल. त्याने खचू नका, पहिला नकार ठरलेलाच असतो. पत्रावर ब्रिटिश पार्किंग असोसिएशनचं चिन्ह असेल तर पुढचं अपील पॉप्ला या स्वतंत्र अपील सेवेकडे जातं. ते फुकट असतं, नकारानंतर २८ दिवसांत करायचं असतं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला तो मानावा लागतो, विरुद्ध लागला तर तुमच्यावर बंधनकारक नसतो. मुदत चुकलेली आणि चालवणारा अज्ञात, अशा प्रकरणात तिथे कीपरला यश मिळायची शक्यता चांगली असते. चिन्ह इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीचं असेल तर अपील आयएएस या दुसऱ्या अपील सेवेकडे जातं. मोटारचालकांचा त्यावर तेवढा विश्वास नाही, माझाही नाही. तिथली मुदत नकाराच्या पत्रावर पाहा.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. साठ पौंड देऊन डोक्याचा ताप संपवणं ही काही वेडी गोष्ट नाही. तुमची नोटीस दहाव्या दिवशी आली असती, पाट्या ठळक असत्या आणि गाडी तासभर जास्त थांबली असती, तर मीही "भरून टाका" म्हटलं असतं. ४ नोव्हेंबर २०१५ला सुप्रीम कोर्टाने बॅरी बीव्हिस यांच्या खटल्यात हेच ठरवलं. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मर्यादेवर ५६ मिनिटं जास्त थांबल्याबद्दलचा ८५ पौंडांचा चार्ज कोर्टाने वैध ठरवला. पाट्या मोठ्या होत्या आणि गाड्या येत-जात राहाव्यात यात कंपनीचं रास्त हित होतं, असं कोर्ट म्हणालं. "नुकसान काय झालं, एवढे पैसे कसे" हा युक्तिवाद त्या दिवसापासून चालत नाही. पण बीव्हिस स्वतः चालवत होते हे मान्यच होतं. तुमच्याकडे मुद्दाच वेगळा आहे. तुमच्या २१ मिनिटांचं म्हणाल, तर कंपन्यांच्या संयुक्त आचारसंहितेप्रमाणे आत आल्यावर पाट्या वाचायला निदान पाच मिनिटं आणि वेळ संपल्यावर निघायला दहा मिनिटं द्यावी लागतात. त्यावर नुसतं भागणार नाही. तो मुद्दा पुढे पॉप्लापर्यंत जायची वेळ आली तर जोडीला घ्या.

सवलतीची काळजी करू नका. १४ दिवसांत अपील केलं तर नकारानंतर कंपन्या सहसा तीच कमी रक्कम भरायला पुन्हा मुदत देतात. नकाराच्या पत्रात ती ओळ शोधा. पॉप्लाकडे गेलात की मात्र ती सवलत जाते, त्या टप्प्यावर नवऱ्याशी बसून एकदा ठरवा.

पुढे काय होऊ शकतं तेही सांगून ठेवते, म्हणजे दचकणार नाही. वसुली एजन्सीची पत्रं येतील, रक्कम १७० झालेली असेल, शब्द कडक असतील. त्या एजन्सीला तुमच्या दारात येऊन सामान उचलायचा काडीचा अधिकार नाही. ती पत्रं वाचून फाइलला लावा. कायद्याने कीपरकडून मागता येणारी रक्कमही पहिल्या नोटिशीवर लिहिलेली तेवढीच असते, वरचे ७० पौंड त्यात बसत नाहीत. पण "लेटर बिफोर क्लेम", म्हणजे दावा लावण्याआधीचं पत्र, आलं तर उत्तर द्या, त्याला ३० दिवस असतात. आणि नॉर्थम्प्टनहून काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर त्या दिवशी बाकीची कामं बाजूला ठेवा. कागद मिळाल्याचं ऑनलाइन कळवायला १४ दिवस, ते कळवलं की बचाव दाखल करायला एकूण २८ दिवस. कंपनी सहा वर्षांपर्यंत दावा लावू शकते, म्हणून फाइल जपा.

सुनावणीला गेलात आणि हरलात, तरी लहान दाव्यांच्या या वाटेवर खर्च मर्यादित असतो. चार्ज, ३५ पौंड दाव्याची फी, २७ सुनावणीची, ५० वकिलाच्या ठरलेल्या खर्चाचे, आणि वरचे ७० न्यायाधीशांनी मान्य केले तर तेही. निकालानंतर महिन्यात भरले की सीसीजेची नोंद राहत नाही. काउंटी कोर्टाचे न्यायाधीश सगळे एकसारखा निकाल देत नाहीत हे खरं. कोणी "कीपरच चालवत असण्याची शक्यता जास्त" असं पुराव्यावरून धरूही शकतो. त्यासाठी विम्याची पॉलिसी काढून ठेवा. तिच्यावर एकाहून जास्त चालक नोंदलेले असले, तर ती गाडी एकच जण चालवत नाही हे त्या कागदावरून दिसतं.

एडिनबर्ग, ॲबर्डीन किंवा बेलफास्टला राहणाऱ्या वाचकांनी यातला तारखांचा हिशेब स्वतःला लावू नये. चौथं परिशिष्ट इंग्लंड आणि वेल्सपुरतंच आहे. विमानतळ आणि रेल्वे स्टेशनच्या ज्या जागा त्यांच्या स्वतःच्या उपविधींखाली येतात, तिथेही ते लागू होत नाही, मग ती जागा हीथ्रोजवळची का असेना. तुमचा रिटेल पार्क त्यात येत नाही.

ताई, नोटिशीवरची तारीख ६ नोव्हेंबर आहे, म्हणजे सवलतीचे १४ दिवस २० तारखेला संपतात. १८पर्यंत अपील पाठवा. पाठवल्यावर स्क्रीनवर जो क्रमांक येईल त्याचा फोटो काढा आणि त्या पाकिटाबरोबर ठेवून द्या.